वर अत्तर, खाली ओल
चपलांचा वास घरच्या घरी कसा घालवावा?

जुम्याची अजान झाली की सटाण्याच्या बाजारपेठेतील दुकानदार गल्ला मिटवून मशिदीकडे निघतात. कांद्याचा अडत्या येतो, फळवाला येतो, गॅरेजमधला मेकॅनिक हात पुसत येतो, शिंपी मशीन थांबवून येतो. पायऱ्यांपाशी चपलांचा ढीग लागतो. त्यात कोल्हापुरी असते, रबरी हवाई चप्पल असते, वेल्क्रोच्या पट्ट्यांची सँडल असते आणि रेक्झिनची चकचकीत चप्पलही असते. या ढिगापासून दूर, भिंतीच्या कोपऱ्यात कोणीतरी एक जोड मुद्दाम बाजूला काढून ठेवलेला असतो. असा एखादा भाऊ प्रत्येक गावात असतो. तो वेळेवर येतो, पण शेवटच्या सफीत उभा राहतो. कारण त्याला ठाऊक असते, की आपल्या चपलांना वास येतो.

वरवर पाहता ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. व्यापाराच्या पानावर चपलांच्या वासाचे काय काम, असेही कोणी विचारील. पण आपल्या समाजातील किती कारागिरांचा धंदा दुसऱ्याच्या घरात जाऊन करायचा आहे, याचा विचार करा. वायरमन, प्लंबर, सुतार, रंगारी, पडद्याचे माप घेणारा, फ्रीज दुरुस्त करणारा, या सर्वांना गिऱ्हाईकाच्या उंबऱ्याशी चपला काढाव्या लागतात. काम चोख होते, दरही वाजवी असतो, तरी पुन्हा बोलावणे येत नाही. कारण कोणी तोंडावर सांगत नाही. गेलेले गिऱ्हाईक कशामुळे गेले, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून हा विषय रोजीरोटीचा आहे. आणि मोची व चप्पल दुकानदार यांच्यासाठी तर तो सरळसरळ धंद्याचा आहे.

वास येतो कोठून?

पहिला गैरसमज असा की घामाला वास येतो. तळपायाचा ताजा घाम म्हणजे बहुतांशी पाणी व मीठ. त्याला जवळजवळ वास नसतो. मात्र घाम येणाऱ्या ग्रंथी तळहात व तळपायावर शरीराच्या इतर भागांपेक्षा पुष्कळ दाट असतात. दर चौरस सेंटीमीटरला त्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात. त्यामुळे दिवसभर उभे राहणाऱ्याच्या चपलेचा तळ सतत ओला राहतो. त्या ओलीत कातडीचा झडलेला मृत थर, तेलकटपणा आणि रस्त्याची धूळ मिसळते. हेच सूक्ष्म जंतूंचे खाद्य होय. जंतू ते खातात व त्यातून आयसोव्हॅलेरिक नावाचे आम्ल तयार होते. पायाचा तो ओळखीचा आंबूस वास मुख्यतः या आम्लाचा असतो. जुन्या चीजला जो वास येतो, तोही याच जातीचा.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. वासाला खाद्य लागते, ते म्हणजे मळाचा थर. वासाला ओल लागते, ती म्हणजे न वाळलेली चप्पल. आणि वासाला वेळ लागतो, तो आपण तीच चप्पल रोज वापरून देतो. या तिन्हींपैकी एकावरही अत्तराचा काही परिणाम होत नाही. अत्तराने वास झाकला जातो आणि दोन तासांनी अत्तर व आंबूसपणा मिळून तिसराच, अधिक वाईट वास तयार होतो.

या विषयाकडे विद्वानांनीही लक्ष दिले आहे. शिव नाडर विद्यापीठातील विकाश कुमार व सार्थक मित्तल या दोघा भारतीयांनी बुटांचा वास आणि चपलांचा रॅक यांवर संशोधन केले. त्यांनी १४९ विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी आपल्या किंवा दुसऱ्याच्या बुटांच्या वासामुळे ओशाळल्यासारखे झाल्याचे कबूल केले. रॅकमध्ये विशिष्ट अतिनील दिवा बसवून दोन ते तीन मिनिटे प्रकाश दिला तर वास निर्माण करणारे जंतू मरतात, पण त्याहून जास्त वेळ दिला तर बूटच तापून जळका वास येतो, असे त्यांना दिसले. आधी हसविणाऱ्या व मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी जे इग नोबेल पारितोषिक दिले जाते, ते २०२५ साली त्यांना मिळाले. तात्पर्य, हसण्यावारी नेण्यासारखा हा विषय नाही. मात्र असा उघडा दिवा बाजारातून आणून घरी लावण्याच्या भानगडीत पडू नये. त्याचा प्रकाश डोळ्यांना व कातडीला घातक असतो. चप्पल-सँडल बुटासारखी बंद नसते. ती उघडी असते, घासता येते आणि वाळवता येते. म्हणून तिचा वास घरच्या घरी जाऊ शकतो.

वुजू आणि ओले पाय

नमाजी माणसाचे पाय दिवसातून अनेकदा धुतले जातात. मग वास यायलाच नको, असे वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. घाईत वुजू करून आपण ओले पाय तसेच चपलेत घालतो. चपलेचा तळ ते पाणी पितो. एकदा वाळायच्या आत दुसऱ्या नमाजची वेळ होते व पुन्हा ओला पाय आत जातो. पाकीसाठी वापरलेले पाणीच चपलेत मुरते आणि जंतूंना उपयोगी पडते.

पायांची बोटे धुताना त्यांच्या फटींतून बोट फिरवण्याची, म्हणजे खिलालची, शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. वासाची सुरुवात नेमकी त्याच फटींत होते. तेव्हा खिलाल नीट करावा आणि चप्पल घालण्यापूर्वी पाय, विशेषतः फटी, कोरड्या कराव्यात. त्यासाठी खिशात एक जुना सुती रुमाल वेगळा ठेवावा. तो रोज धुवावा. खर्च काही नाही, पण निम्मे काम येथेच होते.

बागलाण तालुका कांद्याचा. कच्चा कांदा किंवा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, इतरांना त्याचा त्रास होतो, ही प्रेषितांची (स.) ताकीद आपल्या भागातील लहान मुलालाही ठाऊक असते. उलेमांनी ही ताकीद इतर दुर्गंधीलाही लागू असल्याचे सांगितले आहे. ज्या कांद्यावर आपली पोटे भरतात, त्या हलाल कांद्याच्या वासाचीही एवढी काळजी घेतली गेली. मग पायांच्या वासाविषयी आपण बेफिकीर कसे राहावे? सजद्यात मागच्या सफीतील भावाचे कपाळ आपल्या टाचांच्या मागेच टेकते, हे आठवले तरी पुरे.

आधी चप्पल ओळखा

सर्व चपलांना एकच उपाय केला तर अर्ध्या चपला खराब होतील. म्हणून चप्पल उलटसुलट करून पाहावी व ती पुढीलपैकी कोणत्या जातीची आहे ते ठरवावे.

१. रबरी व फोमची चप्पल : हवाई चप्पल, एका साच्यात ओतलेली हलकी चप्पल. हिच्यात कापड वा कातडे नसते. ही पूर्ण धुता येते.

२. पट्ट्यांची सँडल : नायलॉनच्या पट्ट्या, वेल्क्रो आणि रबरी तळ. हीसुद्धा धुता येते, पण पट्ट्यांच्या आतील अस्तर वाळायला वेळ लागतो.

३. खरी कातडी चप्पल : कोल्हापुरी व तत्सम. ही कधीही भिजत घालू नये.

४. रेक्झिनची चप्पल : वर चमक, आत पातळ फोम आणि खाली पुठ्ठा किंवा पीयूचा तळ. सर्वांत स्वस्त व वासाला सर्वांत लवकर बळी पडणारी हीच.

फरकाचे कारण सोपे आहे. कमावलेले कातडे घाम शोषते व रात्रीतून हवेत सोडून देते. रेक्झिन हवा जाऊ देत नाही. कडेच्या शिवणीतून आत गेलेला घाम फोममध्ये कोंडून राहतो.

धुता येणारी चप्पल

रबरी चप्पल व पट्ट्यांची सँडल यांची रीत एकच आहे. आधी कोरडा ब्रश मारून धूळ काढावी. तळावर टाच व बोटांच्या जागी जो काळा, चिकट थर बसलेला असतो, तो आइसक्रीमच्या लाकडी काडीने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडून काढावा. वासाचे मूळ याच थरात असते. हा थर तसाच ठेवून केलेला कोणताही उपाय फुकट जातो.

मग कोमट पाण्यात कपडे धुण्याची पावडर घालून ब्रशने घासावे. कडकडीत पाणी घेऊ नये. सोल चिकटवण्यासाठी लावलेले सोल्युशन त्याने सुटते आणि फोम आक्रसतो. खळबळून झाल्यावर एक वाटी सिरका व दोन वाट्या पाणी या प्रमाणात मिश्रण करून त्यात चप्पल अर्धा तास बुडवावी. सिरका म्हणजे किराणा दुकानात मिळणारा साधा पांढरा व्हिनेगर. त्याच्या आंबटपणामुळे जंतूंची वाढ रोखली जाते. मग स्वच्छ पाण्याने धुऊन उभी टेकवून वाऱ्यावर वाळवावी. सिरक्याचा वास वाळताना उडून जातो.

उन्हाविषयी एक शब्द. सकाळचे कोवळे ऊन चांगले. पण एप्रिल-मे महिन्यात बागलाणातील दुपारच्या उन्हात पत्र्यावर ठेवलेली फोमची चप्पल आक्रसून मुलाच्या मापाची होते व सोल उकलतो. अशा दिवसांत सावलीतला वारा पुरेसा आहे. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली ठेवावी.

कातडी चप्पल

कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांच्या रसात कमावतात. या चपलेला २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. असे कातडे पाण्यात बुडवले की त्यातील तेल निघून जाते, ते कडक होते, तडकते आणि रंग उतरतो. म्हणून येथे पाणी जपून वापरायचे आहे.

पहिल्या दिवशी मळाचा थर हलक्या हाताने खरवडून ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने तळ पुसावा. फडक्याला अंगाचा साबण किंचित लावला तर चालेल. मग सावलीत पूर्ण वाळू द्यावी.

रात्री खाण्याचा सोडा दोन-दोन चमचे घेऊन पातळ सुती कापडाच्या दोन पुरचुंड्या बांधाव्यात. त्या चपलेच्या तळावर ठेवून चप्पल कागदी पिशवीत किंवा खोक्यात बंद करून ठेवावी. सोडा ओल ओढून घेतो. शिवाय वासाचे कारण आम्ल आहे आणि सोडा अल्क आहे. दोहोंच्या मिलाफाने आम्लाचे मिठात रूपांतर होते व ते हवेत उडत नाही. म्हणजे वास झाकला जात नाही, तो नाहीसा होतो. सोडा कातड्यावर थेट पसरून दिवसेंदिवस ठेवू नये, कारण त्याने कातडे रुक्ष होते व डाग पडतो. पुरचुंडी याचसाठी. पुरचुंडीऐवजी धुण्याचा सोडा मात्र कधीही वापरू नये. तो फार तीव्र असतो.

सकाळी पुरचुंडी काढावी, दिवसभर चप्पल सावलीत हवेशीर ठेवावी. वास शिल्लक असेल तर एक भाग सिरका व तीन भाग पाणी घेऊन फडके त्यात बुडवून घट्ट पिळावे आणि तळ एकदाच पुसावा. आधी कडेच्या झाकल्या जागी लावून रंग जातो का ते पाहावे. पूर्ण वाळल्यावर शेवटी खोबरेल किंवा एरंडेलाचे तीन-चार थेंब फडक्यावर घेऊन पट्टा, अंगठा व कान यांना चोळावे. तळाच्या वरच्या बाजूस तेल लावू नये. पाय घसरतो आणि धूळ चिकटते.

येथे एक चूक पुष्कळजण करतात. सोडा आणि सिरका एकाच वेळी टाकतात. फेस येतो, त्यामुळे काहीतरी जोरदार घडते आहे असे वाटते. पण दोघे एकमेकांना मारतात व हाती उरते ते खारट पाणी. दोन्ही वापरायचेच असतील तर एक आज, दुसरा उद्या.

रेक्झिन व फोमची चप्पल

हिचा वास आतल्या फोममध्ये असतो. वरून पुसून, सोड्याची पुरचुंडी तीन-चार रात्री ठेवून, ओल शोषण्यासाठी वर्तमानपत्राचा बोळा तळावर दाबून ठेवावा व तो रोज बदलावा. मात्र ज्या कागदावर अल्लाहचे नाव, आयत किंवा हदीस छापली आहे तो कागद यासाठी घेऊ नये. या नियमातून आमचे साप्ताहिकही सुटलेले नाही!

एवढे करूनही आठ दिवसांत वास परत आला, तर फोम सडला आहे असे समजावे. मग मोच्याकडे जाऊन वरचा तळ सोलून नवा घालून घ्यावा. पीयूचा सोल हाताने भुगाळत असेल तर तीही दुरुस्ती व्यर्थ आहे. ओलसर हवेने तो सोल आतूनच सुटत जातो. अशी चप्पल टाकून द्यावी.

या गोष्टी करू नयेत

ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी आणि सिरका कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

डांबराच्या गोळ्या चपलांच्या कपाटात ठेवू नयेत. त्यांनी वास जात नाही, फक्त दबतो. आणि लहान मुलाने गोळी तोंडात घातली तर मोठा धोका असतो.

चप्पल पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय काहीजण सांगतात. थंडीने बहुतेक जंतू मरत नाहीत, झोपतात. चप्पल पायात गरम झाली की ते जागे होतात. अन्नाच्या शेजारी चप्पल ठेवणे तर कोणत्याच दृष्टीने शोभत नाही.

चप्पल चुलीजवळ, शेगडीवर किंवा बेकरीच्या भट्टीपाशी वाळवू नये. कातडे करपते, सोल सुटतो.

पायही तपासा

चप्पल स्वच्छ केली आणि पाय तसेच ठेवले, तर आठवड्यात पूर्ववत होते. रोज रात्री पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. घाम फार येत असेल तर दोन जुने उपाय आहेत. एक तुरटीचा : कोमट पाण्याच्या टोपात तुरटीचा खडा काही वेळ फिरवून त्यात पंधरा-वीस मिनिटे पाय बुडवावेत. दुसरा चहाचा : दोन चमचे चहापत्ती अर्धा लिटर पाण्यात पंधरा मिनिटे उकळावी, गाळून त्यात दोन लिटर साधे पाणी घालावे व पाय वीस मिनिटे बुडवावेत. चहात टॅनिन असते. बाभळीच्या सालीत व हिरड्यात कातडे कमावणारे द्रव्य असते ते याच जातीचे. ते कातडीला आवळते व घाम कमी करते. पायाला जखम वा भेगा असतील तर हे उपाय करू नयेत.

पावसाळ्यात बोटांच्या फटी पांढऱ्या पडून चिखल्या होतात, खाज सुटते. तळपायावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसतात व वास फार येतो. हे दोन्ही प्रकार रोगाचे आहेत. ते सोड्याने जाणार नाहीत. दवाखान्यात दाखवून मलम घ्यावे, थोडक्यात काम होते. मधुमेह असलेल्या व्यापारी बंधूंनी तर फटीतली लहानशी चीरही दुर्लक्षू नये. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, जखम दुखत नाही आणि चिघळल्यावरच कळते. चपलेच्या वासामुळे पाय तपासला व वेळीच जखम सापडली, तर तो वास उपकारकच म्हणायचा.

दोन जोड, सर्वांत स्वस्त इलाज

ओली चप्पल नीट वाळायला साधारण एक पूर्ण दिवस लागतो. रोज तीच घातली तर तिला तो दिवस कधी मिळत नाही. सहाशे रुपयांची एकच चप्पल रोज घासण्यापेक्षा तीनशेच्या दोन घेऊन आलटून पालटून वापराव्यात. दोन्ही मिळून एकीच्या दुपटीहून अधिक टिकतात असा अनेकांचा अनुभव आहे, कारण शिवण व सोल्युशन ओलीनेच सुटते. दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्याने गल्ल्याखाली रबरी जोड ठेवून दुपारनंतर तो घालावा. गिऱ्हाईकाच्या घरी जाणाऱ्या कारागिराने पिशवीत रुमाल आणि एक धुतलेला मोज्यांचा जोड ठेवावा. उंबऱ्याशी पाय पुसून मोजे चढवले की घरधनीण समाधान पावते आणि फरशीही खराब होत नाही. दर आठवड्याला एक दिवस, जुम्याच्या आंघोळीबरोबर, चपलांचीही सफाई करण्याची सवय लावली तर वेगळा दिवस आठवावा लागत नाही.

कारागिराला संधी

जो त्रास घरोघरी आहे, त्यात धंदा आहे. मोच्याकडे लोक पट्टा तुटल्यावर जातात; वास आल्यावर जात नाहीत, कारण तो हे काम करतो हेच ठाऊक नसते. आरी व रापी घेऊन बसणाऱ्या कारागिराने बाजूला पाटी लावावी : ‘चप्पल-सँडल सफाई, आज द्या, उद्या न्या.’ लागणारे साहित्य म्हणजे दोन ब्रश, फडकी, साबण, सोडा, सिरका, तेल आणि टेबलफॅन.

हिशेबाची रीत पाहू. समजा, एका जोडाला ४० रुपये घेतले व साहित्यास ५ रुपये गेले, तर ३५ उरले. दिवसाला पाच जोड आले तर १७५ आणि महिन्याच्या २५ दिवसांचे ४,३७५ रुपये. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचा दर आपण ठरवावा. त्याशिवाय दहापैकी दोन-तीन जोडांना नवा तळ किंवा शिवण लागतेच, ते काम वेगळे. मार्गशीर्षात सटाण्याला यशवंतराव महाराजांची यात्रा भरते, तेव्हा धुळीने माखलेल्या चपलांची काही कमतरता नसते. मुलांच्या शाळेच्या सँडल, लग्नसराईनंतर कपाटात जाणाऱ्या चपला हेही गिऱ्हाईक आहे.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत ज्या १८ कारागिरीचा समावेश आहे, त्यात मोचीकाम आहे. योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत ठेवली आहे. त्यातील कर्जावर ५ टक्के व्याज आहे. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या बंधूंनी कर्ज न मागता प्रशिक्षण व अवजारांपुरती चौकशी करावी. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात होते.

दुकानदाराची जबाबदारी

चप्पल दुकानदार बंधूंना एक विनंती आहे. गिऱ्हाईक ‘कातडी आहे का?’ असे विचारते, तेव्हा रेक्झिन दाखवून मान हलवू नका. ते गिऱ्हाईक केवळ टिकाऊपणासाठी विचारत नसते. घाम शोषला जावा म्हणूनही विचारत असते. महिनाभरात वास आला की ते पुन्हा तुमची पायरी चढत नाही. कापलेली कड दाखवा : कातड्याची कड तंतुमय, केसाळ दिसते, रेक्झिनच्या कडेला कापडाची जाळी व वर प्लॅस्टिकचा थर दिसतो. गिऱ्हाईकाला स्वतः पाहू द्या. विक्रीबरोबर दोन वाक्ये सांगा, ही चप्पल धुवायची की पुसायची. आणि चार दिवस वापरून परत आलेला जोड सेंट फवारून नव्या मालात मिसळू नका.

मदिनेच्या बाजारातील तो प्रसंग आपणा सर्वांना माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या ढिगापाशी थांबले, त्यांनी आत हात घातला, तर बोटांना ओल लागली. वरचे धान्य कोरडे होते. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. प्रेषितांनी (स.) विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते; आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले.

ओल लपवली की माल सडतो, हे धान्याला लागू आहे, कांद्याच्या चाळीला लागू आहे आणि पायातील चपलेलाही लागू आहे. कोपऱ्यात चपला काढणाऱ्या त्या भावाने आज रात्री एक ब्रश, दोन चमचे सोडा व थोडा सिरका एवढे घेऊन बसावे. पुढच्या जुम्याला त्याच्या चपला ढिगात असतील आणि तो पहिल्या सफीत असेल, इन्शाअल्लाह.